दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र

३१ मे, २६ जून आणि १० ऑक्टोबर या तीन तारखा आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक नियोजनात ठरलेल्या असतात. पहिली तंबाखूविरोधी दिनाची, दुसरी अमली पदार्थविरोधी दिनाची आणि तिसरी जागतिक मानसिक आरोग्य दिनाची. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहणारी प्राध्यापिका या नात्याने मी या दिवसांच्या प्रभातफेऱ्या, शपथा, भित्तिपत्रके आणि पथनाट्ये यांत अनेक वर्षे सहभागी होत आले आहे, आणि हिवाळी शिबिरांच्या निमित्ताने चोपडा-यावल पट्ट्यातील गावांत विद्यार्थ्यांसह मुक्कामही केला आहे. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि तेच येथे सविस्तर मांडायचे आहे. दारू वाईट असते हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस मला खानदेशात अद्याप भेटलेला नाही. पिणाऱ्याला ते ठाऊक असते आणि त्याच्या बायकोला तर आपल्या सर्वांपेक्षा जास्त ठाऊक असते. त्या घराला ठाऊक नसते ते वेगळेच. हा आजार आहे का, त्यावर औषध आहे का, ते कोठे मिळते, किती पैसे लागतात, आणि त्याने उद्या सकाळी दारू सोडलीच तर परवा रात्री घरात काय घडेल, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपले बहुतेक प्रबोधन जे ठाऊक आहे तेच मोठ्या आवाजात पुन्हा सांगते आणि ज्याची गरज आहे ते सांगायच्या आधी संपते.

तिसऱ्या रात्रीपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत निकडीची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट तीच आहे.

आपल्या भागात दारू सोडण्याचा निर्णय बहुधा एखाद्या पवित्र दिवशी घेतला जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशीण आलेली असते, भाऊबंद जमलेले असतात. श्रावणात कानबाई ही खानदेशची देवी घरी बसलेली असते. कोठे सप्ताहाची सांगता असते आणि महाराज तुळशीची माळ घालतात. त्या क्षणी घेतलेली शपथ मनापासून असते, तिच्याविषयी शंका घेण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. मात्र जो माणूस दहा-पंधरा वर्षे रोज पीत आला आहे, ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि एक घोट घेतल्यावरच स्थिर होतात, त्याने दारू एकदम बंद केली की शरीर शपथेचा मान राखत नाही. सहा-आठ तासांत हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आणि दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत, बहुधा रात्रीच्या वेळी, काही जणांची शुद्ध हरपू लागते. त्याला अंथरुणावर मुंग्या आणि किडे दिसतात, तो अंगावरून काहीतरी झटकत राहतो, नसलेल्या बैलांना हाका मारतो, वारलेल्या वडिलांशी बोलतो, स्वतःच्या घरात असून ‘मला घरी न्या’ म्हणतो. ताप चढतो, नाडी धावते. या अवस्थेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

आता हेच दृश्य घरातल्यांच्या डोळ्यांनी पाहावे. नवऱ्याने देवाची शपथ घेतली, दोन दिवस थेंबाला शिवला नाही, आणि तिसऱ्या रात्री तो मेलेल्या माणसांशी बोलू लागला. याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच निघतो, की याला बाहेरचे काहीतरी लागले आहे. मग भगताकडे नेले जाते, अंगारा लावला जातो, लिंबू उतरवले जाते, आणि ज्या तासांत त्याला रुग्णालयात असायला हवे होते ते तास निघून जातात. दुसऱ्या घरात याहून वेगळे घडते. कोणीतरी जाणता म्हणतो, ‘पाजा त्याला थोडी, उतरेल सगळं,’ आणि दारू पोटात जाताच तो खरोखरच शांत होतो. तेव्हापासून त्या घराची खात्री पटते की याच्यासाठी दारूच औषध आहे आणि हा जन्मात सोडू शकणार नाही. दोन्ही घरांतली माणसे अडाणी नाहीत. त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांनी तर्क केला. चूक आपली आहे, कारण शपथ देताना आपण त्यांना तिसऱ्या रात्रीची कल्पना दिली नाही.

यामागचे कारण विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांनाही समजते, असा माझा अनुभव आहे. दारू मेंदूचे काम मंदावते. रोज ती येत राहिली की मेंदू समतोल टिकवण्यासाठी स्वतःला उत्तेजित ठेवणारी यंत्रणा वाढवत नेतो. रस्सीखेच चालू असताना एका बाजूने अचानक दोर सोडला की दुसरी बाजू जशी धाडकन मागे पडते, तसे दारू एकाएकी बंद झाल्यावर होते. वाढवून ठेवलेली उत्तेजना मोकाट सुटते आणि कंप, फिट व भ्रम ही तिची रूपे असतात. त्यामुळे डॉक्टर सुरुवातीचे काही दिवस मेंदूला शांत करणारी औषधे देतात आणि ती दररोज कमी करत नेतात. त्याच्या जोडीला ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शने देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ते फारच कमी झालेले असते. येथे एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. आपल्याकडे अशक्त माणसाला प्रथम सलाइनची बाटली लावण्याची पद्धत आहे, आणि त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असते. थायमिन न देता केवळ ग्लुकोज दिल्यास आधीच रिकाम्या झालेल्या साठ्यावर ताण येतो व मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो; डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, आणि पुढे नवे काही लक्षात न राहण्याचा विकार कायमचा जडू शकतो. म्हणून दवाखान्यात गेल्यावर नातेवाइकांनी ‘हा रोज पिणारा आहे आणि इतक्या दिवसांपूर्वी बंद केली आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगणे आवश्यक आहे. लाजेपोटी ते लपवले जाते आणि डॉक्टर तापाचे औषध देत बसतात.

असे घडते याचा मोठा पुरावा सर्व देशाने २०२० मध्ये पाहिला आहे. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली, दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली, आणि ठिकठिकाणच्या रुग्णालयांत कंप, फिट आणि भ्रमाचे रुग्ण येऊ लागले. केरळमध्ये परिस्थिती इतकी बिकट झाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश तेथील सरकारने काढला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो आदेश योग्य होता असे मला वाटत नाही, पण तो काढावासा वाटला यावरूनच प्रश्न केवढा मोठा आहे हे दिसते. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदान करून बाटली आडवी करण्याचा जो मार्ग महाराष्ट्रात उपलब्ध आहे त्याची मी समर्थक आहे. तरीही दुकान बंद होण्याच्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयाशी बोलणे झालेले असावे आणि गावातील रोज पिणाऱ्यांची यादी आशाताईंकडे तयार असावी, एवढा आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरते.

माळेला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. माळ घातलेल्या माणसाला रोज संध्याकाळी हरिपाठाला बसायला जागा मिळते, वारीत सोबत मिळते, ‘हा आता पीत नाही’ अशी नवी ओळख मिळते. पिण्याच्या वेळी दुसरे काहीतरी करायला असणे आणि न पिणाऱ्यांची संगत मिळणे या दोन गोष्टींचे मोल व्यसनमुक्तीच्या शास्त्रालाही मान्य आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या आणि आता जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांचा आधारही असाच आहे. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याला आपली कहाणी सांगतो आणि दोघे आजचा दिवस काढतात. तेव्हा महाराजांना आणि टाळकऱ्यांना माझी विनंती एवढीच असते की ज्याला सकाळी हात थरथरल्यामुळे प्यावी लागते, ज्याला पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली आहे किंवा भ्रम झाला आहे, त्याला माळ घालण्याआधी काही दिवस रुग्णालयात ठेवावे. मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरुवातीचा अवघड काळ पार पडला की माळ शोभेल आणि टिकेल.

भगतांविषयी बोलताना शहरातून आलेल्या वक्त्यांचा स्वर हमखास चढतो आणि सभा तेथेच हातातून जाते. अघोरी प्रकारांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने २०१३ मध्ये केला आहे. मारहाण, चटके, साखळदंड हे प्रकार गुन्हाच आहेत, त्याबाबत तडजोड नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू न शकल्यामुळे जळून मेले, हे मी प्रत्येक शिबिरात सांगते, कारण साखळी बांधणाऱ्या घराला आपण त्याचे रक्षणच करतो आहोत असे वाटत असते. पण जो भगत केवळ अंगारा देतो आणि चार धीराचे शब्द बोलतो, त्याच्याशी भांडून काय साधणार? गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे दुवा मागायला आलेल्या रुग्णांना त्याच आवारात मनोविकाराचे औषधही मिळावे अशी व्यवस्था उभी राहिली आणि दर्ग्याचे सेवेकरीच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. आपल्या भागातील अनेक कुटुंबे बाहेरच्या बाधेसाठी गुजरातपर्यंत जातात, त्यामुळे हे उदाहरण त्यांना परके वाटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात एका वृद्ध भगताने आम्हाला सरळ सांगितले की फिट आलेला माणूस आला तर मी दोरा बांधतो आणि गाडीत घालून दवाखान्यात पाठवतो. अशा माणसाला व्यासपीठावर बसवावे, त्याच्याविरुद्ध पथनाट्य बसवू नये.

दुसरी गोष्ट, जिच्याविषयी सभेत कोणी बोलत नाही पण सभा संपल्यावर बायका हळूच विचारतात, ती म्हणजे पुडीची. ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटीच्या थांब्यांवर आणि आता मोबाइलवरही दिसतात. वरणात, भाजीत किंवा चहात मिसळायची पूड कुरिअरने घरपोच येते. त्या पुडीत काय आहे हे पाकिटावर लिहिलेले असेलच असे नाही. दारूवरच्या उपचारात डायसल्फिराम नावाचे एक मान्यताप्राप्त औषध आहे. यकृतात दारूचे विघटन होताना जो विषारी घटक मधल्या टप्प्यावर तयार होतो, तो पुढे नष्ट करणारी प्रक्रिया हे औषध रोखते. त्यामुळे हे औषध चालू असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने, त्याचे हृदय आणि यकृत तपासून, घरच्या माणसासमक्ष दिले तर काहींना त्याचा चांगला उपयोग होतो, कारण ‘आज गोळी घेतली आहे, आज प्यायची नाही’ हा निर्णय त्याने स्वतः घेतलेला असतो. न सांगता दिले तर मात्र तो नेहमीप्रमाणे गुत्त्यावर जाऊन बसतो आणि रात्री एकटा शेतात कोसळू शकतो.

न सांगता औषध देण्याचा आणखी एक धोका आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. अनेक वर्षे दारू पिणाऱ्या काही पुरुषांच्या मनात बायकोविषयी संशय घर करतो. ती कोणाशी बोलली, कोठे गेली, जेवणात काय घातले, याचीच चौकशी चालू राहते. अशा माणसाला भाजीत मिसळलेली पुडी सापडली तर त्याच्या भ्रमाला पुरावा मिळतो आणि त्या बाईचा जीव धोक्यात येतो. ज्या बाईने पुडी मागवली ती दोषी नाही, तिने हाताशी आलेला एकमेव उपाय केला. तिला दुसरा उपाय दाखवणे हे आपले काम आहे. तो दुसरा उपाय म्हणजे नवरा यायला तयार नसला तरी तिने स्वतः एकटीने जाऊन समुपदेशकाला भेटणे. रुग्णाशिवायही कुटुंबाला सल्ला मिळू शकतो, हे सांगितले की सभेतल्या बायकांचे चेहरे बदलतात, कारण ‘आधी त्याला घेऊन या’ हेच उत्तर त्यांनी सगळीकडे ऐकलेले असते. सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे. तेथे मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही फोन करावा, यासाठीच तो आहे.

व्यसनमुक्ती केंद्रांबाबत मला थोडे कठोर बोलायचे आहे. चांगली केंद्रे आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करत आहे आणि उपचारांत कुटुंबाला सामील करून घेण्याची रीत महाराष्ट्राला बऱ्याच अंशी त्याने शिकवली. पण आपल्याकडच्या एका घराने कर्ज काढून मुलाला जेथे ठेवले होते तेथे त्याला भेटू दिले जात नव्हते, फोन करू दिला जात नव्हता, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे निर्माण होणाऱ्या मानसिक अवस्थांचा त्यात स्पष्ट समावेश आहे, रुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई आहे, आणि नातेवाइकांशी संपर्क ठेवणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारावे, पहिल्या आठवड्यातील कंप आणि फिट यांवर तेथे कोण उपचार करते ते विचारावे आणि भेटीचे नियम लिहून मागावेत. जे केंद्र या प्रश्नांनी चिडते तेथे माणूस ठेवू नये.

व्यसनाच्या आजूबाजूला किंवा त्याच्या तळाशी दुसरा आजार असतो याची ओळख गावाला अजून नीट झालेली नाही. केळीच्या बागेवर विषाणू आला, कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, सोसायटीचे कर्ज थकले, की माणसाची झोप जाते. झोपेसाठी तो प्यायला लागतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे, पण मध्यरात्रीनंतरची झोप तुटते आणि पहाटे तीनला तो अधिक उदास होऊन जागा होतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले राहणे, कशातच रस न वाटणे, भूक-झोप बिघडणे, आपण घरावर ओझे आहोत असे वाटणे, ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर औषध व समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहे. दारू थांबवली आणि या आजाराकडे पाहिलेच नाही तर तो माणूस बहुधा पुन्हा पिऊ लागतो.

बायकांमध्ये हा आजार वेगळ्या वाटेने पुढे येतो. ‘जीव घाबरस’, ‘कामले मन लागत नही’, ‘हातपाय गळी जातस’ अशा तक्रारी घेऊन त्या वर्षानुवर्षे डॉक्टर बदलत राहतात, ताकदीची इंजेक्शने घेतात, सलाइन लावून घेतात. रक्त तपासणीत काही निघत नाही, आणि मग घरचे म्हणतात की ही सोंग करते. ती सोंग करत नाही. छातीची धडधड खरी असते, डोके खरोखर दुखते. शरीराच्या तपासण्यांत काही सापडले नाही तर मनाकडे पाहायला हवे, एवढी गोष्ट गावातील आशाताई आणि खासगी डॉक्टर या दोघांनी मनावर घेतली तर कितीतरी बायकांची वर्षे वाचतील. पिणाऱ्या पुरुषाच्या उपचाराची चर्चा करताना त्याच्या बायकोची स्वतंत्रपणे विचारपूस करण्याची पद्धत म्हणूनच मी आमच्या शिबिरांत सुरू केली.

आत्महत्येचा विषय टाळला तर हे प्रबोधन अपुरे राहते. ‘मरण्याचे विचार येतात का’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे. उलट असे शांतपणे विचारणारा कोणी भेटला तर माणसाला बोलता येते. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीची औषधे घरात, पलंगाखाली किंवा माळ्यावर ठेवलेली असतात. ती शेतावर कुलपात ठेवावीत आणि घरात कोणी खचलेला असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. एवढ्याने जीव वाचतात, कारण तो टोकाचा क्षण बहुतेकदा फार काळ टिकत नाही. पोलीस केसच्या भीतीने घरचे प्रकरण दडवतात आणि उपचाराला उशीर करतात. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ असे मानते की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवते. जुन्या दंडसंहितेतील ३०९ हे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते आणि जबाब घेतला जातो, पण ती नोंद असते, शिक्षा नसते.

नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यात हेच शिक्षण जसेच्या तसे नेऊन चालत नाही. भिल्ल आणि पावरा समाजात मोहाची दारू देवाला आणि पूर्वजांना धार म्हणून वाहिली जाते. लग्नाला, होळीला, पाहुण्याला तिचा मान असतो. तेथे जाऊन ‘दारू म्हणजे पाप’ असे सांगणाऱ्या पाहुण्याने त्यांच्या देवालाच नावे ठेवल्यासारखे होते. त्या समाजातील जाणत्यांशी बोलले तर तेच फरक सांगतात. सणाला सर्वांनी मिळून घेतलेली मोहाची एक गोष्ट, आणि बाजारच्या दिवशी एकट्याने ढोसलेली बाटलीतली दुसरी. हा फरक ते पावरीत आणि भिलीत सांगू शकतात, आपण नाही. शिवाय दिवाळीनंतर निम्मे गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असते आणि स्किझोफ्रेनियासारख्या, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या, आजाराचे औषध मध्येच तुटते. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणजे कमावत्या वयात, म्हणून कुटुंब त्या मुलालाही फडावर घेऊन जाते. निघण्यापूर्वी काही महिन्यांच्या गोळ्या आणि केसपेपरची छायाप्रत त्याच्या हाती दिली, तर तेथील सरकारी दवाखान्यातही उपचार पुढे चालू ठेवता येतात. अक्कलकुवा आणि धडगावच्या कार्यकर्त्यांनी स्थलांतराच्या हंगामाआधी यासाठी एक फेरी ठेवावी असे मला वाटते.

तरुणांबाबत थोडक्यात लिहिते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तो मिळतो, हे सर्वांना दिसते. धुळे-मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी गोळी मुले घेतात ती बहुधा अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट आणि झोपेवरचे औषध असते. तीही एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून मुलाची गोळी पकडून कोंडून ठेवणाऱ्या आईवडिलांनाही तिसऱ्या रात्रीची माहिती हवीच.

एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसलेतरी उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांच्या घरी आपल्या प्रभातफेरीची घोषणा पोहोचली असेल, पण रुग्णालयाचा पत्ता पोहोचलेला नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची कल्पना १९९६ पासून देशात राबवली जात आहे, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि सरकारी रुग्णालयात मनोविकाराची औषधे मोफत मिळतात. तरी ‘सिव्हिलमध्ये वेड्यांचा डॉक्टर असतो’ एवढीच माहिती गावात असते, आणि तो केवळ वेड्यांचा असल्याने कोणी जात नाही.

म्हणून आमच्या शिबिरांची रीत आम्ही हळूहळू बदलली. व्यासपीठ, हारतुरे आणि तासाभराचे भाषण सोडून बचत गटाच्या बैठकीत दहा-बारा बायकांसमोर, शेतातून आल्यानंतरच्या वेळी, अहिराणीत बोलतो. सोबत दारू सोडलेला एखादा गृहस्थ आणि त्याची पत्नी असली तर ती बोलते आणि आम्ही गप्प बसतो. मध्येच घसरलेल्या माणसाची गोष्टही तिने सांगावी असा आमचा आग्रह असतो, कारण सुटलेली दारू पुन्हा सुरू होणे हे या आजारात वारंवार घडते आणि त्या वेळी गाव हसले तर तो दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाही. पुरुषांसाठी वेगळी बैठक पारावर, सकाळी घेतो, कारण संध्याकाळी ज्यांनी ऐकायला हवे ते ऐकण्याच्या स्थितीत नसतात. एकदा जाऊन भागत नाही. दुसऱ्या भेटीत लोक प्रश्न विचारतात आणि तिसऱ्या भेटीत कोणीतरी स्वतःच्या घरातले सांगतो.

येत्या हिवाळी शिबिरात आम्ही दत्तक गावाच्या भिंतींवर घोषणा रंगवणार नाही. ग्रामपंचायतीने दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक भिंत दिली आहे. तिच्यावर १४४१६ आणि १४४४६ हे क्रमांक, तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ येतात तो वार, सोबत कोणती कागदपत्रे न्यायची ते, आणि ‘रोज पिणाऱ्याने अचानक बंद केल्यावर फिट आली किंवा बडबड सुरू झाली तर त्याच रात्री १०८ ला फोन करा’ हे वाक्य लिहायचे ठरले आहे. डॉक्टरांचा वार बदलला की तेवढी ओळ पुन्हा रंगवण्याची जबाबदारी गावातल्याच दोन मुलींनी घेतली असून रंगाचा डबा आणि ब्रश अंगणवाडीत ठेवायचे आहेत.